थुंकीचा थेंब

कारकुनाने अंगठा जिभेला लावला आणि बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती उलटायला घेतल्या. थुंकीचा एक थेंब टेबलाच्या काचेवर पडला. शेजारी पेल्यातून सांडलेलं पाणी केव्हाच पसरून गेलं होतं. हा मेला पसरेना. फुगून, चकाकत बसला. फाइल सरकली तशी त्याची तार निघाली. शी!

"घ्या ताई, तीन प्रती."

बाबांच्या नावावर ओला अंगठा उमटला होता. माणसाच्या आतून येणारं सगळंच असं चिवट असतं का, पाण्यासारखं सरळ वाहून न जाणारं?

रुमालात धरून कागद बाहेर आणले. प्रत्येकावर नाव बरोबर आहे ना, पाहायचं होतं. प्रती एकमेकींना चिकटलेल्या. त्या सोडवताना लक्षात आलं, माझा अंगठा जिभेवर होता.