चाचांचा परवाना

सरकारी कागदाला देवाइतकं मानणारा अख्ख्या जुन्नरात एकच माणूस उरलाय, तो म्हणजे आमचे हिरड्यावाले चाचा. बाकी आम्ही सगळे कागदाला कागदच समजतो. मी तर वीस वर्षं कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरतोय. इतकं खोटं लिहून झालंय की आता हात आपोआप वळतो.

चाचा रानातल्या औषधी विकत घेतात. हुंगल्याशिवाय ते कशालाच हात लावत नाहीत, माझ्या चहालासुद्धा. एकदा मी नुसती जांभई दिली, तर म्हणाले, "भाऊ, तुमचं पोट साफ न्हाई," आणि हिरड्याचा तुकडा चघळायला लावला. दुर्दैवाने ते खरं होतं.

यंदा परवान्याच्या अर्जात नवा प्रश्न आला: बंदी असलेली वनस्पती कधी खरेदी केली आहे काय? मी तो वाचून दाखवला आणि 'नाही' लिहायला पेन टेकवतोय तोच चाचांनी मनगट धरलं.

"थांबा राव! एकदा घेतलीय. घाटघरची म्हातारी औषधी मुळ्यांची जुडी घेऊन उन्हाची आली व्हती. बंदीचं मला मागनं कळलं. लिवा तसं."

"चाचा, हे असलं कुणी विचारत नाही हो."

"कागद इचारतोय की! खोटं बोलून दिलेल्या औषधाला गुण येत न्हाई."

झालं! अर्ज परत आला. पुन्हा भरला, पुन्हा तेच, पुन्हा परत. तोवर हिरड्याचा हंगाम सुरू झाला. परवान्याशिवाय चाचांना खरेदी करता येईना, आणि घाटघरच्या बाया एस्टीने आणलेली पोती दारातूनच माघारी न्यायला लागल्या. "त्यांना काय सांगू, भाऊ?" चाचा रोज येऊन विचारायचे. मला वैताग आला. त्यांचा, त्या कागदाचा आणि माझाही.

तिसऱ्या खेपेला मी गुपचूप 'नाही' लिहिलं. चाचांना मराठी वाचता येत नाही. माझ्या भरवशावर त्यांनी खाली उर्दूत झोकदार सही ठोकली.

परवाना आला. चाचा पेढे घेऊन हजर.

"मी म्हनत व्हतो ना, भाऊ? खरं लिवलं की उशीर व्हतो, पन काम व्हतं!"

इतके खूश होते ते! मी पेढा घेतला आणि मान डोलावली.

आता ते ओळखीच्या प्रत्येकाला माझ्याकडे पाठवतात. सांगतात, "कचेरीभायेर तेवढा एकच माणूस खरं लिवतो."