एक भाजी दोनदा नाही

नोकरीला लागलो तेव्हा वाटलं होतं, रिटायर होताना आपल्याजवळ विद्यार्थ्यांच्या आठवणी उरतील. उरल्या त्या डब्यांच्या! कुणी "काही सांगा की जुनं" म्हटलं, की माझ्या तोंडून आधी वानखडे वहिनींचा डबाच निघतो. एक किस्सा संपवावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा हजर. म्हणून आज सगळेच सांगून मोकळा होतो.

मी कारंज्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरची. मधल्या सुट्टीत आम्ही तिघं एका टेबलावर जेवायचो. मी, सायन्सचे काळे सर आणि इतिहासाचे वानखडे सर. भाजीचा पहिला वाटा डब्याच्या झाकणात काढून मध्ये ठेवायचा, ही आमची रीत. त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतं, हे तिघांनाही पाठ.

* * *

डिसेंबर लागला तेव्हा वानखडे सरांच्या अंगठ्याला चप्पल चावली. दीड महिना झाला तरी जखम भरेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि निदान केलं, डायबेटीस! भात, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ, केळी सगळं बंद. भाकर दिवसाला अर्धी. बाकी पोट भाजीनं भरा, ताकानं भरा, अंडी-मटण खा.

"तीन महिन्यांत साखर आटोक्यात नाही आली, तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि अंगठ्यावर भागेल, याची गॅरंटी मी देत नाही."

वानखडे सर म्हणजे चालणारा माणूस. पोरगं शाळेत यायचं बंद झालं, की हे त्याच्या गावी जाऊन, घर शोधून त्याला परत आणणार. अशा माणसाचा पाय जायची वेळ आली होती. आम्हा दोघांचीही झोप उडाली.

पहिल्या आठवड्यात डब्यात सहाही दिवस मेथी आली. सोमवारी पुन्हा मेथी पाहून सरांनी डबा बंद केला आणि बाजूला सरकवला.

"याच्यापरीस अंगठा कापून घेतो ना मी!"

डबा भरलेलाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी सर आले ते निरोप घेऊन. "तुमची वहिनी म्हणते, अकोल्याची तारीख येईस्तोवर एक भाजी दोनदा नाही येणार. आली, त त्या दिवशी मी पोटभर भात खावा. पंच तुमी दोघं."

आम्ही हसलो. कारंज्याच्या बाजारात भाज्या त्या किती! काळे सर म्हणाले, "पंधरा दिवसांत भात खाता तुमी, सर." मी टाइमटेबलच्या तक्त्यामागे यादी लिहायला घेतली.

* * *

पंधरा दिवस गेले. महिना गेला. यादी तक्त्यावरून खाली उतरली, तिला दुसरा कागद जोडावा लागला!

हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, दोडक्याच्या सालीची चटणी, शेवग्याच्या फुलांचा झुणका, अंड्याचा रस्सा, सुकट, कारल्याच्या चकत्या, वांग्याचं भरीत, मुगाची धिरडी, जवसाच्या चटणीत घोळवलेला दुधी. मी चित्रं काढणारा माणूस, पण एवढे रंग माझ्या पेटीत नव्हते.

वहिनी हे आणत कुठून होत्या? तर लोकांच्या चुलीवरून! शेजारच्या जैन काकूंकडून बिनकांद्याची पानकोबी शिकल्या, गल्लीच्या टोकाच्या खालांकडून खिमा शिकल्या. भाजीवालीकडे गेल्या, की आधी भाव नाही विचारायच्या. "तुमच्या घरी हे कसं करता?" असं विचारायच्या. आणि बाई सांगायला लागली, की तिथंच बसून घ्यायच्या.

* * *

एक दिवस डबा उघडताच सर जवळजवळ नाचायलाच लागले. ओरडले, "सापडली! घोळ! परवाच झाली घोळाची भाजी! आज भात!"

मी यादी पाहिली. घोळ खरंच परवा झालेली. माझा चेहरा पडला. सरांनी तर माझ्या डब्यातल्या भातात चमचाही घातला!

"थांबा," काळे सर म्हणाले. त्यांनी झाकणातलं एक पान बोटावर चिकटवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. चांगली दोन मिनिटं! चमचा हवेत तसाच.

"घोळ नाही. चिवळ आहे. पान पाहा किती बारीक. एकाच खानदानातल्या, पण सख्ख्या बहिणी नाहीत."

सरांनी चमचा रिकामा केला आणि म्हणाले, "काळे सर, तुमी बॉटनी कायले शिकले हो?"

* * *

त्यानंतर आठवड्याभरानं डब्यात पांढरा शुभ्र भात! वर जिऱ्याची फोडणी!

काळे सर तडकले. "वानखडे सर, चोरून भात? आन् तोही आमच्या डोळ्यांदेखत?"

सर जेवत होते. डोळे मिटून. अर्धा डबा संपल्यावर म्हणाले, "खाऊन पाहा."

आम्ही खाल्ला. फुलकोबी होती! किसून, पिळून, वाफेवर मोकळी केलेली. आदल्या रात्री झोपताना सर नुसतं "भाताचा वास विसरलो" म्हणाले होते म्हणे. काळे सरांनी हात धुतले आणि सरांच्या घराच्या दिशेनं तोंड करून चक्क हात जोडले.

* * *

दर शनिवारी सकाळची शाळा असायची. त्या दिवशी वानखडे सर घरून एक बाटली आणायचे आणि काळे सर प्रयोगशाळेत तपासायचे. परीक्षानळीत निळं औषध, त्यात सरांचे आठ थेंब, खाली बर्नर. साखर भरपूर असली तर विटकरी, कमी झाली तर पिवळं, मग हिरवं, आणि साखर नसलीच तर निळं ते निळंच. पहिल्या शनिवारी पक्की वीट निघाली होती. फेब्रुवारीअखेर हिरव्यावर आलो.

नेमके त्याच शनिवारी शाळा तपासायला साहेब आले. स्टँडवरची नळी उचलून त्यांनी उजेडात धरली. "वा! काय सुंदर हिरवा रंग! हे द्रावण कशाचं?"

काळे सर सरळ माणूस. "वानखडे सरांचं, साहेब."

साहेब वानखडे सरांकडे वळून म्हणाले, "शाब्बास! विद्यार्थ्यांनाही करायला लावा!"

* * *

मार्च लागला आणि नळी फिरली. हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं पुन्हा विटकरी! जखम ओली दिसायला लागली. अकोल्याची तारीख महिन्यावर आलेली.

वहिनींना वाटलं, आपल्याच हातून काही चुकतंय. त्यांनी गाजर बंद केलं. मग कांदा बंद केला. मग ताकातलं चमचाभर बेसनही काढून टाकलं. एका शनिवारी त्या स्वतः शाळेत आल्या, प्रयोगशाळेच्या दाराशी उभ्या राहून विटकरी नळी पाहिली आणि काळे सरांना म्हणाल्या, "भाऊ, माह्यं काय चुकून राह्यलं, ते तरी सांगा."

वानखडे सर तिथंच होते. त्यांना ते ऐकवेना.

"तुयं काही नाही चुकत, सुमन. मीच चहा पिऊन राह्यलो."

परीक्षा जवळ आली म्हणून सर दर शुक्रवारी शाळा सुटली की एस.टी.नं धनजला जात होते. शेतात हरभरा सोंगायला थांबलेली पोरं शाळेत आणायला. अशा पोरांची गावात सात घरं, सात ठिकाणी चहा. आणि पाहुण्याला चहा म्हणजे आमच्याकडे साखरेचा पाक!

"नाही म्हणता येत नाही तुमाले?" काळे सर चिडून म्हणाले.

सर म्हणाले, "धनजच्या पाटलाच्या घरी माह्या बापाले अंगणात बसवून वरून ओंजळीत पाणी वाढत होते. त्याच घरी मले ओसरीवर बसवून कपबशीत चहा देतात. त्या कपाले नाही कसं म्हणू, काळे सर?"

काळे सरांनी बर्नर बंद केला. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाल्या, "कप सोडू नका. कपात काय असावं, ते माह्यावर सोडा."

* * *

पुढच्या शनिवारी नळी हिरवी. त्याच्या पुढच्या शनिवारी निळी! काळे सरांनी पुन्हा तपासली, पुन्हा निळी. जखमेवर खपली धरली. अकोल्याच्या डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "चाला आता."

धनजला जाणं तर सरांनी एकदाही चुकवलं नव्हतं. मग हे झालं कसं? सरांना विचारलं तर म्हणाले, "सोबत या, सांगून समजणार नाही." एप्रिलमधल्या शेवटच्या शुक्रवारी मी गेलो.

पहिल्या घरी कपबशीत मुगाचं कढण आलं. दुसऱ्या घरी शेवग्याच्या शेंगांचं सार. तिसऱ्या घरी जिरं घातलेलं ताक, चौथ्या घरी टमाट्याचं सार, पाचव्या घरी कुळथाचं, सहाव्या घरी लिंबू-मिठाचं पाणी. सगळं कपबशीत! मी बोटं मोजत होतो. सहा घरं, आणि एकही चीज दुसऱ्यांदा नाही.

शेवटचं घर पाटलांचं. पाटलीणबाई ओसरीवर कप घेऊन आल्या. वाफाळती पातळ कढी, वर कढीलिंबाचं पान.

"सगळ्या गावानं वाटून घेतलं हाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "कोनाच्या घरी काय, हे आधी ठरते. मास्तरीनबाईनं बजावलं हाय ना, एकच चीज दोनदा आली त मास्तरले भात द्या लागते!"

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी कप हातात धरला आणि हळूच विचारलं, "ती इथं आली होती?"

"आल्या ना. दिवसभर होत्या."

"कुठं बसली होती?"

पाटलीणबाईंना त्या प्रश्नात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी मागे स्वयंपाकघराकडे हात केला.

"थे काय, चुलीपाशी. त्याइनं कढी करून दाखवली, मी त पाणी देऊन राह्यली होती त्याइले."

वानखडे सरांनी एक घोट घेतला, मग दुसरा. कप संपला. त्यांनी तो बशीवर नीट ठेवला आणि पाटलीणबाईंपुढे धरला.

"बाई, हीच कढी अजून एक कप द्या."

तीच चीज, दुसऱ्यांदा! मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. भाताचं त्यांनी नावही काढलं नाही.