ओसरीसमोरचा क्रूस

मायची तिरडी आम्ही मसणाच्या फाटकाजवळ उतरवली. फाटकाला नवं कुलूप होतं. किल्ली पाटलाच्या खिशात.

"तुह्या येशूले माग जागा," पाटील बाबांना म्हणाला. मग कुंकवाची डबी पुढे केली. "नाही तं हे लाव तिच्या कपाळाले आन् जाळ. मेल्यावर तरी सुधरन बाई."

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं, तेव्हा या पुनर्वसनातली मसणाची जागा सरकारनं सगळ्या गावाला दिली होती. पाटलाला आंदण नव्हती दिली. पण भोवती उभ्या असलेल्यांपैकी कोणी हूं की चूं केलं नाही.

तिरडीला खांदा बाबांचा, मामाचा आणि भंडाऱ्याहून फटफटीवर येणाऱ्या पास्टरांचा. चौथा माणूस मिळाला नाही, म्हणून माझा, लेकीचा. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भात-वरण आणतात. पाटलाची आई गेली तेव्हा भातानं भरलेला पहिला गंज माझ्या मायनं नेला होता. आमच्याकडे दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही.

बाबांनी पाटलाचे पाय धरले. मग डबी घेतली. झाकण उघडलं.

माय दोन वर्षं कॅन्सरनं झिजली. कळ आली की येशूचं गाणं म्हणायची, बेसूर, दात आवळून. अक्षरओळख नव्हती, प्रार्थना मात्र तोंडपाठ. जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवणा केलेल्या बाईजवळ स्वतःचं म्हणून तेवढंच होतं. ते आता पुसायचं होतं, आणि नाही म्हणायला ती उरली नव्हती.

मी बाबांचं मनगट धरलं.

"बाबा, फेका थे डबी. माय घरी चालली."

मसणातून प्रेत माघारी आणत नाहीत. गावावर अरिष्ट येतं म्हणतात. आम्ही तिरडी फिरवली आणि पाटलाचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला पाहिला.

"वापस कायले नेऊन राहिले बे?"

आम्ही चालत राहिलो. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

जुन्या गावात तो मधोमध आणि आम्ही टोकाला राहायचो. इथे ईश्वरचिठ्ठीनं प्लॉट निघाले आणि आमचं अंगण त्याच्या ओसरीसमोर आलं. त्याच अंगणात, वांग्याचे वाफे मोडून, सब्बलनं मुरूम फोडून आम्ही मायला पुरलं. पास्टरांनी गाणं धरलं. मी घसा फाटेस्तोवर म्हटलं. उशाला सागाचा क्रूस रोवला, तोंड ओसरीकडे करून.

पाटलानं तक्रार केली. साहेब आले, कागद लिहून गेले. क्रूस हलला नाही. आता पाटील रस्त्याकडे पाठ करून चहा पितो.

पास्टर म्हणतात, माफ कर, वैऱ्यासाठी प्रार्थना कर. माफ मी केलेलं नाही, करणारही नाही. प्रार्थना मात्र करते. दर रविवारी, थडग्यापाशी, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. देवा, पाटलाला शंभर वर्षं जगव. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू येऊ देऊ नको. त्याला सगळं लख्ख दिसू दे.

मायच्या डाव्या हाताला बाबांची जागा आखली आहे, उजव्या हाताला माझी. मेले तरी मी त्याच्या समोरून हलणार नाही.