शालीखालची पुडी

“थैली उलटी करा, साहेब! आत्ताच्या आत्ता! नाही सापडली तं मले आत टाका!”

त्या घरचा थोरला भाऊ अंगणात असा ओरडत होता, की किन्हीराजापासून मानोऱ्यापर्यंत सोयाबीनच्या शेंगा तडकल्या असाव्यात. पोलिसातून निवृत्त झाल्यावर दरोडेखोरांचे चेहरेसुद्धा पुसट झाले, पण तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

खबर त्यानंच ठाण्यावर येऊन दिली होती. त्याचा धाकटा भाऊ ट्रकवर असताना गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, नादी लागला, उपचार घेऊन परतला आणि आता पुन्हा सुरू झाला, असं त्याचं म्हणणं. पुडी म्हणे खुंटीवरच्या थैलीत. स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि निघालो. आमची जीप इतकी खिळखिळी होती, की आरोपीला ती तासभर आधी ऐकू यायची. तरी धाकटा पळाला नव्हता.

थैलीत एक कोरी शाल निघाली. तिच्या घडीत चकचकीत पन्नीची पुडी, आत तपकिरी भुकटी. धाकट्यानं ती पाहिली आणि झटकन भिंतीकडे तोंड केलं. हात काखेत दाबून धरले, तरी खांदे हलत होते.

“पाहा, कसा लटलट कापून राह्यला!” थोरला गरजला.

चोरी पकडली गेली म्हणून कापतोय, असं मलाही वाटलं. धाकट्याला म्हणालो, “तुझं नसेल तर हुंग आणि सांग. गर्द नसेल तर तुला वासावरून कळेल. सुटशील.”

“नाही हुंगत. बेड्या घाला.”

“काहून?”

“पन्नीवरच जाळून ओढत होतो. नुसती पन्नी पाह्यली तं जीव वरखाली होऊन राह्यला, साहेब. डॉक्टर म्हणले, मेंदू भरून येऊन राह्यला, पन जुनी वाट इसरला नाही. वास नाकात गेला तं मंग मी माह्या हातात नाही राहत.”

म्हातारी आई मध्ये पडली. “घरात चमकनारी पन्नी मी ठेवूच देत नाही, साहेब. याच्या गोळ्याबी सोलून डबीत भरल्या. हे आली कुठून?”

माझ्या नजरेपुढे भलेभले दोन मिनिटांत पाघळायचे (माझी बायको हे मानत नाही). इथे हा गडी सुटकेची संधी समोर धरली तरी भिंत सोडेना. मी गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा जिभेनं हळूच मागे सरकवला आणि थोरल्याकडे वळलो. तो आवारातच, पण वेगळी चूल मांडून राहत होता.

“मग तूच सांग बाबा, काय आहे हे?”

त्यानं मोगरा हुंगावा तसा छातीभर वास घेतला. “गर्दच हाय, साहेब. पक्कं!”

“तू कधी घेतलं होतंस?”

“म्या? सुपारीबी नाही खाल्ली कदी! इचारा गावाले!”

“मग वास कसा ओळखलास?”

थोरल्यानं घाईघाईनं नाक पुसलं. शेंगासुद्धा तडकायच्या थांबल्या.

तपासणी किटमध्ये रंग बदलला नाही, म्हणजे भुकटी गर्दची नव्हती. पंचनामा करून नमुना प्रयोगशाळेत धाडायचा तो धाडलाच, पण त्याआधी ठाण्यावर थोरल्यानं जबाब दिला: पाट्यावर विटकर, म्हणजे विटेचा तुकडा, वाटली, चहाच्या पुड्याची पन्नी घेतली. शाल कुठली, तेही कळलं. शाळेच्या कार्यक्रमात व्यसन सोडल्याबद्दल धाकट्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता. टाळ्या काही थांबेनात. त्या कार्यक्रमाच्या सतरंज्या थोरल्यानं अंथरल्या होत्या.

तेव्हापासून कापणारा माणूस दिसला, की मी त्याला लगेच चोर ठरवलं नाही. हा कापत होता, कारण स्वतःलाच गच्च धरून उभा होता. आणि हेव्याला पुडी लागत नाही. दुसऱ्यासाठी वाजलेल्या टाळ्यांवरही तो चढतो. तो उतरवणारं व्यसनमुक्ती केंद्र मला अजून सापडलेलं नाही.

जबाबावर सही घेताना मी विचारलं, “सख्खा भाऊ मरणातून उठून आला, अन् तू त्याला तुरुंगात घालायला निघालास. काहून?”

थोरल्यानं पेन खाली ठेवलं.

“सोडल्याची शाल भेटते, साहेब. म्या कदी काही धरलंच नाही. सोडू काय?”