वळू केंद्रातली सून

लग्न ठरताना "मुलगी काय करते?" असं विचारल्यावर वडिलांनी "दुधाच्या लॅबमध्ये असते" असं ठोकून दिलं, आणि ती थाप पुढे तिलाच निभवावी लागली. खरं तर ती वळू केंद्रात कामाला होती. वळूचं ताजं रेत नळीतून तिच्याकडे यायचं. त्याचा थेंब ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. शुक्राणूंचे ढगांसारखे लोट उसळत असले तर रेत बारीक कांड्यांत भरून गोठवायचं. नुसतीच वळवळ असली तर फेकायचं. काम तिला मनापासून आवडायचं. पण सासूबाईंनी "आज कसं होतं गं दूध?" विचारलं, की "बरं होतं" म्हणून ती भांडी घासायला वळायची. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. पण आईपुढे त्याचीही दातखीळ बसायची.

एकदा शेजारच्या काकूंची गाय माजावर आली. तिला कृत्रिम रेतन करायला आलेले डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "काळजी नको, कांडी तुमच्या शेजारच्या सूनबाईंच्याच हातची आहे." सासूबाई कुंपणापाशी उभ्या होत्या.

संध्याकाळी ती घरी आली, तर सासूबाई चहा गाळत होत्या.

"दूध म्हणे," त्या म्हणाल्या.

"लाज वाटली, आई."

"कामाची?"

"नाही. तुम्ही काय म्हणाल याची."

सासूबाईंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "माहेरी माझी एक लाडकी गाय होती. गाभण राहीना, म्हणून विकली. मागाहून कळलं, वळूच नासका होता. पण बोल लागला गाईला. तू तेच तपासतेस ना?"

"हो."

"मग दाखव मला."

ती त्यांना केंद्रात घेऊन गेली. काडीसारख्या अंगाचा, पण 'पैलवान' म्हणून ओळखला जाणारा राखणदार एक काळाभोर वळू घेऊन आला. "अगंबाई, चालता डोंगरच की हा," म्हणत सासूबाई कठड्यामागे सरकल्या. पण त्या दिवशीचं त्याचं रेत अगदीच मंद निघालं. पैलवान गयावया करू लागला, "ताई, एवढा देखणा गडी. एकदा चालवून घ्या."

एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात बघत असलेल्या सासूबाईच म्हणाल्या, "रूप काय चाटायचंय? फेक गं ते."

तिने फेकलं. निघताना सासूबाईंची नजर तिच्या पांढऱ्या कोटाच्या उसवलेल्या खिशावर पडली. "हे असं घालून वावरतेस?" म्हणत त्यांनी तो काढायला लावला, घडी घालून आपल्या पिशवीत ठेवला आणि घरी पोचल्या पोचल्या शिलाई मशीन उघडलं.