शेजारच्या सीटचा ब्रेक

बायका मास्तरांच्या प्रेमात पडायच्या, यात मास्तरांचा काडीचाही दोष नव्हता. दिसायला बेताचे, पोट सुटलेलं, केस मागे सरकत चाललेले, आणि बोलणं काय, तर "क्लच... क्लच... अहो, क्लच!" पण ड्रायव्हिंग स्कूलची ती लाल गाडी पहिल्यांदा मोठ्या रस्त्याला लागायची, समोरून ट्रक यायचा, शिकणारीच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि तेवढ्यात शेजारून संथ आवाज यायचा, "काही होत नाही. मी आहे ना." आणि खरंच काही व्हायचं नाही, कारण मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. मग आठवडाभरात फोन सुरू व्हायचे. "मास्तर, जेवलात का?" लायसन्स हातात पडलं की फोन बंद. पुढे सिग्नलला शेजारी येऊन उभ्या राहिल्या, तरी काच खाली व्हायची नाही. गरज सरो, वैद्य मरो!

मास्तर यावर खो खो हसायचे. त्यांचं हसू बंद पडलं ते दातांच्या डॉक्टर शिकायला आल्यावर.

डॉक्टर चाळिशीच्या, एकट्या. वडील वारले होते, त्यांची गाडी दारात धूळ खात उभी होती, आणि गुडघ्यांनी अधू झालेली आई खिडकीत बसून त्या गाडीकडे बघायची. तिला बाहेर फिरवायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पहिल्या दिवशी त्यांनी स्टिअरिंग असं आवळलं की बोटं पांढरी पडली. घामाघूम होऊन म्हणाल्या, "मास्तर, माझ्या खुर्चीत लोक हात असेच आवळून बसतात. त्यांचं दुःख आज कळलं बघा मला!" मास्तर हसले. घरी जाऊन पुन्हा हसले. आणि मग झोपच लागेना. पन्नाशीला टेकलेला, बहिणीच्या घरी राहणारा, लग्न नको म्हणून जन्म काढलेला माणूस, आणि आता हे! मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घातला.

शर्ट भाचीच्या नजरेतून सुटला नाही. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती आणि शिकलेलं सगळं जेवताना घरच्यांना वाढत होती. मास्तरांनी आडून आडून विचारलं, "काय गं, या बायकांचं असं का होतं?"

"मामा, हे तर आमच्या पुस्तकातच आहे! हलत्या पुलावर प्रयोग केलेत लोकांनी. काळीज धडधडतं भीतीनं, पण माणूस समजतो, शेजारच्यामुळेच धडधडतंय."

"मग दातांच्या डॉक्टरवर सगळं गाव का भाळत नाही? तिथं काय कमी भीती असते?"

"अरे, दुखवणाऱ्यावर कोण भाळेल? धीर देणाऱ्यावर भाळतात." भाचीनं डोळे बारीक केले. "पण दातांची डॉक्टर कुठून आली मध्येच?"

"आली कुठून तरी. भीती गेल्यावर काय होतं ते सांग."

"मग खाली काही उरलं असेल तर दिसतं. नसेल तर नाही."

घास मास्तरांच्या तोंडातच राहिला. इतकी वर्षं ते लोकांची भीती घालवण्याचाच तर पगार घेत होते!

डॉक्टरांचे फोनही आता सुरू झाले होते. जेवलात का, झोपलात का, आज उतारावर मी घाबरले पण तुम्ही होतात. फोन ठेवला की मास्तर उद्याच्या शर्टाला इस्त्री करायला घ्यायचे. पुढे जे झालं ते त्यांनी ठरवून केलं नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. डॉक्टर ब्रेक दाबायच्या, त्याच वेळी मास्तरांचा पायही हळूच आपल्या ब्रेकवर जायचा. गाडी लोण्यासारखी थांबायची. डॉक्टर खूश, "जमलं की हो!" मास्तर म्हणायचे, "जमतंय, पण अजून थोडे दिवस लागतील." अहो, कसलं जमतंय! निम्मा ब्रेक तर मास्तरच दाबत होते. डॉक्टरांच्या पायाला निम्माच ब्रेक शिकवला होता त्यांनी.

टेस्टच्या दिवशी शेजारच्या सीटवर परीक्षक पाय आखडून बसले आणि मास्तर मैदानाच्या कठड्याबाहेर उभे राहिले. थांबायच्या रेषेपाशी डॉक्टरांनी नेहमीइतकाच ब्रेक दाबला. गाडी रेषा ओलांडून थेट कठड्याला जाऊन भिडली. परीक्षकांनी मान हलवली. डॉक्टर रडत बाहेर आल्या, सगळ्यांदेखत मास्तरांचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही शेजारी नसलात की मला नाही हो जमत."

हेच वाक्य ऐकायला मास्तरांचे कान आसुसले होते. आणि ऐकलं तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कठड्याच्या जागी कुणी माणूस असता तर? गाडीत गुडघ्यांनी अधू आई असती तर? "चूक तुमची नाही," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. पुढचं ओठांपर्यंत आलं आणि तिथंच मेलं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. गाडी धक्के खात थांबू लागली, मग नीट थांबू लागली. डॉक्टरांची बोटं सैल झाली. ट्रक आला तरी त्या दुकानांच्या पाट्या वाचत, "इथं चपला छान मिळतात" म्हणू लागल्या. "जेवलात का" एक दिवस राहून गेलं, मग राहूनच गेलं. मास्तरांना सगळं दिसत होतं. हे थांबवणं त्यांच्याच पायात होतं, पण कठडा आठवला की पाय उचलवत नव्हता. करणार काय?

डॉक्टर पास झाल्या. आठवड्याभरानं वडिलांची गाडी घेऊन स्कूलच्या दारात हजर! मागे आई, खिडकीची काच खाली करून, तोंडभर हसत. "बसा मास्तर, आज मी तुम्हाला फिरवते."

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालूनच आले होते. शेजारी बसले. गाडी झोकात निघाली.

"एक गंमत सांगू?" डॉक्टर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मध्यंतरी मला वाटायला लागलं होतं, मी तुमच्या प्रेमात पडले! आईला सांगूनसुद्धा बसले होते. मग गाडी यायला लागली, आणि गेलं ते. वेडेपणा नुसता, नाही?"

"होतं तसं," मास्तर म्हणाले. "भीतीमुळे होतं. पुस्तकात आहे."

"हो का? बरं झालं बाई, मला वाटलं मलाच झालं."

मागे आई हसली. मास्तरही हसले. त्यांना गाडीची भीती कधीच वाटली नव्हती, आणि काळीज तर नुसतं धडधडत होतं. पुढे सिग्नल लाल झाला. डॉक्टरांनी अलगद ब्रेक दाबला. मास्तरांचा पाय आपसूक पुढे गेला आणि खालच्या रबरी मॅटवर जोरात दाबला गेला.

"मास्तर, अहो, या गाडीत तिथं काही नाहीये," डॉक्टर हसत म्हणाल्या.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. सिग्नल हिरवा झाला, गाडी निघाली, तरी पाय काही त्यांना मागे घेता येईना.