सर, वाचलं का जी?

"सर, वाचलं का जी?"

स्टाफरूमच्या दाराशी चपला काढून ती हे विचारायची. आमच्या कॉलेजात चपला काढायची पद्धत नाही, पण तिला कोण सांगणार? दर सोमवारी वही छातीशी धरून तेवढाच प्रश्न. माझं उत्तरही ठरलेलं. "वाचतोय. चांगलं चाललंय." तिने दिलेल्यातलं एक पानही वाचलेलं नसायचं.

तुम्ही तालुक्याच्या कॉलेजात शिकला असाल, तर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा इंग्रजी वाङ्मयाचा प्रबंध कसा होतो ते मी सांगायला नको. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयार प्रबंध पडून असतात. पोरं चहा पिऊन येईस्तोवर तो वरचं नाव बदलतो, काळं बाइंडिंग करून देतो. मार्गदर्शक म्हणून मी सही ठोकतो. सगळ्यांचं भलं होतं.

या सुखी संसारात ही एकटी बिब्बा घालायला आली. राळेगावकडच्या खेड्यातून एसटीने यायची. वेचणीच्या दिवसांत आईबरोबर मजुरीने कापूस वेचायची. बोटं बोंडांनी ओरबाडलेली असायची. पहिल्याच दिवशी मी तिला म्हणालो, "झेरॉक्सवाल्याला भेट."

"भेटली सर. थो तयार देते म्हने. पण मले माह्यं लिवायचं हाये."

"कशावर?"

"त्या इंग्रजी कादंबऱ्यायत एवढाले घरं राह्यते सर. मंग तिथं भांडे कोन घासते? तिचं नाव काहून नाही?"

मी हसलो. वीस वर्षं त्याच कादंबऱ्या शिकवत होतो, मला त्यांत भांडी कधी दिसली नव्हती.

सहा महिने ती डिक्शनरी घेऊन ग्रंथालयात बसली. मोलकरीण सापडली की त्या पानात जुन्या लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी घालायची. लाल-पिवळ्या पट्ट्यांनी पुस्तकं फुगली, ग्रंथपाल वैतागला. शेवटी त्याच झेरॉक्सवाल्याकडून तिने टाइप करून घेतलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. टेबलावर बारा काळ्या प्रती, त्यांत तिची सगळ्यांत बारीक. परीक्षकांनी ती चाळली, तिचं अडखळतं इंग्रजी ऐकलं आणि मराठीत विचारलं, "कुठून उतरवलंस हे?"

"मी सोता लिवलं सर." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "सरायनं वाचलं हाये."

परीक्षक माझ्याकडे वळले. आता सांगा, मी काय बोलणार? हिचाच प्रबंध खरा म्हणालो, तर बाकीच्या अकरा सह्यांचं काय? आणि वाचलं तर नव्हतंच. मी म्हणालो, "पोरगी कष्टाळू आहे." भेकड माणूस असंच बोलतो.

त्यांनी तिला काठावर पास केलं. यवतमाळला एम.ए. करायचं तिने ठरवलं होतं. तेवढ्या गुणांवर नंबर लागला नाही.

पुढच्या वर्षी सह्या ठोकताना एका प्रतीतलं ऋणनिर्देशाचं पान उघडं पडलं. इंग्रजीत होतं, अर्थ असा: 'मी पुस्तकं वाचत होते तेव्हा कापसातली माझ्या वाट्याची ओळ जिने वेचली, त्या आईला.' प्रत एका पोराची, आणि त्याची आई शाळेत मुख्याध्यापिका. दुसरी प्रत उघडली. तीच आई. चार प्रतींत तीच आई. झेरॉक्सवाल्याने तिची फाइल ठेवून घेतली होती; वरचं नाव बदललं, आई तशीच राहू दिली.

त्या दिवशी मी तो प्रबंध पहिल्यांदा वाचला, अथपासून इतिपर्यंत. माझ्या हातून त्यातलं एक पान झालं नसतं. लाज वाटली, फार वाटली. पण तोंड उघडलं तर मागल्या वर्षीचंही निघालं असतं. मी चारही प्रतींवर सही केली. चौघांना उत्तम गुण मिळाले.

परवा बायकोबरोबर आर्णीला साडी घ्यायला गेलो. गादीवर साड्या उलगडून दाखवायला तीच. "बसा सर," म्हणाली, पाणी मागवलं. मला राहवलं नाही.

"तुझं ते वाचलं मी. फार चांगलं लिहिलंस."

तिचे हात घडी घालत राहिले.

"कोन्तं, सर?"

मग बायकोकडे वळून म्हणाली, "काकू, हा रंग पाहा जी. तुमच्यावर खुलन."